झीज एक, आजार दोन

अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून एक वाक्य मी रोज ऐकते, ‘डॉक्टर, हाडं झिजलीत, कॅल्शियम लिहून द्या.’ बोलणाऱ्याचा हात बहुधा गुडघ्यावर असतो. ‘झीज’ या एका शब्दात आपण दोन वेगळे आजार कोंबले आहेत. आज त्यांची फोड करू या, कारण एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला आजार सांध्याचा, ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाडांची टोके जिथे एकमेकांना भेटतात, तिथे कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता यांमुळे ते विरळ आणि खडबडीत होते. सकाळी सांधा थोडा वेळ आखडतो, जिना उतरताना कळ येते, मांडी घालणे अवघड होते. हा आजार कॅल्शियमच्या कमतरतेमुळे होत नाही, म्हणून कॅल्शियमच्या गोळीने तो हटतही नाही.

उपयोग होतो तो वजन उतरवण्याचा. एक किलो वजन कमी झाले, की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दुसरा उपाय मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाचा. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करा, दहा आकडे मोजा, सावकाश खाली आणा. काठी घ्यायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात घ्या. दुखते म्हणून चालणेच सोडले, तर स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते.

दुसरा आजार हाडांचा, ऑस्टिओपोरोसिस म्हणजे ठिसूळपणा. हाड जिवंत असते. जुना भाग काढून नवा भरण्याचे काम त्यात सतत चालू असते. साधारण तिशीपर्यंत जमा जास्त, पुढे खर्च जास्त. स्त्रियांची पाळी थांबली, की इस्ट्रोजेन घटते आणि खर्चाचा वेग वाढतो. मात्र गुडघा बोलतो तसे हे हाड बोलत नाही. न्हाणीघरात पाय घसरतो, हात टेकला जातो आणि मनगट मोडते, तेव्हा आजार कळतो. उंची कमी होणे, पाठीला बाक येणे हेही मणके दबल्याचे लक्षण असू शकते. सर्वांत वाईट ते खुब्याचे हाड मोडणे. चालती-फिरती आजी त्यामुळे अंथरुणाला खिळू शकते.

म्हणून धोका कोणाला, हे आधी ओळखायला हवे. अनेक महिने स्टेरॉइड घेणारे, साध्या पडण्याने हाड मोडलेले आणि पाळी लवकर थांबलेल्या स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारून डेक्सा तपासणी करावी. वातावर रामबाण म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड असू शकते, हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, सरकारने समिती नेमली. तरुण वयात पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर हाडांची झीज तेव्हापासूनच सुरू होते. ‘पिशवी काढून टाका’ असे कोणी सुचवले, तर ‘बीजकोश राहणार का?’ हा प्रश्न जरूर विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या.

आहाराचे गणित सोपे आहे. प्रौढांना दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, पाळी थांबलेल्या स्त्रियांना 1200. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम मिळते. दूध, दही, ताक आहेच. जोडीला ऊन हवे, कारण ‘ड’ जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम नीट शोषले जात नाही. मात्र ठिसूळपणा ठरल्यावर नुसता आहार पुरत नाही, औषधे नियमाने घ्यावी लागतात.

घरातील ओली फरशी, सुटी पायपुसणी, रात्रीचा अंधार यांचा बंदोबस्त आजच करता येईल. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.