होडी, गळ आणि नांगर

(संत पेत्र व संत पौल यांच्या सणादिवशी, किनाऱ्यावरील पवित्र मिस्सानंतर केलेले भाषण)



महोत्सव समितीची अशी इच्छा होती की, या मंगल प्रसंगी मी धर्मग्रामाच्या पूर्वेतिहासावर चार शब्द बोलावेत. परंतु तो इतिहास ज्यांनी डोळ्यांनी पाहिला ते वृद्धजन समोरच बसले आहेत, आणि त्यांच्यादेखत तो सांगण्याचे धाडस मजपाशी नाही. यास्तव मी एक अगदी ऐहिक विषय निवडला आहे. होड्या आज वाळूवर ओढलेल्या आहेत, १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांची बंदी चालू आहे, आणि हाती सवड आहे. साहित्य तपासण्यास याहून योग्य काळ वर्षात दुसरा नाही.

मोठ्या नौकांवर पिढ्यान्‌पिढ्या डोल लावणाऱ्या बंधूंना मी समुद्र शिकवावा, हे हास्यास्पद होईल. माझे बोलणे आहे ते रविवारी व सुट्टीच्या दिवशी दोघे-तिघे मित्र मिळून लहानशा फायबरच्या होडीतून गळ टाकावयास जाणाऱ्या मंडळींशी. त्यांत कचेरीत नोकरी करणारे तरुण आहेत, तसेच निवृत्त गृहस्थही आहेत. घराण्यात दर्याचे नाव आहे, परंतु हाताला दर्याची रोजची सवय उरलेली नाही, अशी ही मंडळी होत. धोका त्यांनाच अधिक.

गळाने मासे धरणे हा काही हलका उद्योग नव्हे. शुभवर्तमानात जाळ्यांचा उल्लेख वारंवार येतो, परंतु गळाचा एकदाच, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात येतो. मंदिराचा कर भरावयाचा होता, तेव्हा प्रभूने पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकण्यास सांगितले, आणि पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे मिळाले. आपल्यापैकी पुष्कळांना माशाच्या तोंडात मागच्या रविवारी तुटलेला आपलाच गळ मिळतो, ही गोष्ट वेगळी.

आता जे सांगावयाचे ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील तिघांनी नवी होडी घेतली व ती आशीर्वादित करण्यास मला बोलाविले. मी गेलो. होडीत तीन कोरी लाइफ जॅकेटे होती, दुकानातून आणली तशीच, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. मी प्रार्थना म्हटली, होडीवर पवित्र पाणी शिंपडले आणि त्या पिशव्यांवरही शिंपडले. पिशव्या फोडा, असे मात्र म्हटले नाही. पुढे मार्च महिन्यात, पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेस, दुपारी चारच्या सुमारास खाडीच्या मुखाशी ती होडी पाण्याने भरली व उलटली. दोघे होडीला धरून राहिले. त्यांना मासेमारी करून परतणाऱ्या नौकेने उचलले. तिसरा तिघांत पट्टीचा पोहणारा होता. किनारा दिसत होता, म्हणून तो पोहत निघाला. दुसऱ्या दिवशी होडी वाळूवर लागली, तेव्हा फळीखाली बांधलेल्या तिन्ही पिशव्या तशाच्या तशा निघाल्या. त्याच्या मातेने त्यांतील एक मजकडे आणून दिली. ती अद्याप माझ्या कपाटात आहे.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे, आणि त्यावरून काही घरांत मजवर रोषही आहे. होडीतील प्रत्येक मनुष्याच्या अंगावर जॅकेट असल्यावाचून मी होडी आशीर्वादित करीत नाही. जॅकेट अंगावर घट्ट बसले पाहिजे. दोन्ही खांद्यांवर धरून कोणी वर ओढले असता ते कानांपर्यंत सरकता कामा नये. मुलाला मुलाच्याच मापाचे हवे. त्यावर बसू नये, कारण दबून दबून आतला फोम निकामी होतो. शिवण व पट्टे आजच ओढून पाहा. ‘उकडते’ ही तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. उकडते, हे खरे आहे.

आता ती होडी उलटली का, हे नीट समजून घ्या. कारण यात दैवापेक्षा गणित अधिक आहे. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट करणे. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, आणि अष्टमी असेल तर सहा. आपल्या कोळी आजोबांनी सणवार चर्चचे पाळले, परंतु पाण्यासाठी तिथी सोडली नाही, आणि यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही. या हिशेबाने पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास होते आणि द्वितीयेला दीडच्या सुमारास. याच दिवसांत उधाण असते, आणि पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. म्हणजे उधाणाची ओहोटी, जी सर्वांत जोराची, ती नेमकी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान खाडीतून बाहेर धावत असते. आणि उन्हाळ्यात हीच वेळ समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याच्या जोराची. पाणी पश्चिमेस जात आहे, वारा पूर्वेस येत आहे, आणि मध्ये खाडीच्या मुखाशी उथळ वाळू. अशा ठिकाणी लाट आडवी पसरत नाही. ती आखूड व उभी होते आणि लहान होडीत मागून चढते. पहाटे ओहोटीबरोबर बाहेर पडताना तेच मुख तळ्यासारखे शांत असते, म्हणून मनुष्य फसतो.

तेव्हा उधाणाच्या दिवसांत माध्यान्हीच्या भरतीबरोबर आत यावे. उशीर झालाच, तर मुखाशी धडपड न करता बाहेर खोल पाण्यात थांबावे आणि भरती लागल्यावर, उजेड असेल तर, आत शिरावे. गळाला मासा लागत असताना परत फिरणे किती कठीण असते, हे मी जाणतो. मीही दोन वेळा गेलो आहे, आणि दोन्ही वेळा ‘आणखी एकच’ असे मीच म्हणालो होतो.

होडी उलटलीच तर तिला सोडू नये. उलटलेली फायबरची होडी बहुधा तरंगत राहते, आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा होडी दुरून दिसते. किनारा डोळ्यांना जवळ भासतो. ओहोटीत तो प्रत्येक हाताबरोबर दूर जातो.

आजच्या सणाचे दुसरे संत पौल. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्यांच्या जहाजाची हकिगत आहे. ती दर्यावर्दी मनुष्याने अवश्य वाचावी. रात्रीच्या अंधारात खलाशांनी बुडीद टाकून पाणी मोजले, तो वीस वाव. थोडे पुढे जाऊन मोजले, तो पंधरा वाव. खडकाच्या भयाने त्यांनी मागील बाजूने चार नांगर सोडले. जहाजावर २७६ माणसे होती, आणि सर्व वाचली. परंतु ते मोठे जहाज होते. तुम्ही लहान होडीचा नांगर मागील बाजूस कधीही बांधू नका. इंजिनाच्या भाराने ती बाजू आधीच खाली असते; दोर ताणला की लाट सरळ आत येते. नांगर नेहमी नाळेस, म्हणजे पुढच्या टोकासच बांधावा. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट असावा, वारा असेल तर सातपट. आणि नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी असावी, म्हणजे नांगर तळाशी आडवा पडून धरतो. खोलीइतकाच दोर घेऊन गेलात, तर तो नांगर नसून नुसते ओझे आहे. नांगर गुंतला तर दोर कापण्यास सुरी हाताशी असावी.

इंधनाचा हिशेब सोपा आहे: एक भाग जाण्यास, एक भाग येण्यास आणि एक भाग हाताशी राखून. इंजिन बंद करणारी जी लाल दोरी असते, ती चालविणाऱ्याच्या मनगटास अडकविलेली असावी, खुंटीस नव्हे. मनुष्य पाण्यात पडला आणि होडी पुढे निघून गेली, तर हाक कोणाला मारणार? वल्ही बरोबर घ्यावीत. पाणी उपसण्याचे भांडे दोरीने बांधून ठेवावे. शिट्टी जॅकेटलाच बांधावी, आणि विजेरी, टोपी व अंदाजापेक्षा दुप्पट पिण्याचे पाणी घ्यावे. फोन जलरोधक पिशवीत गळ्यात असावा आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आधीच लिहिलेला असावा. व्हीएचएफ यंत्र असेल तर संकटाची हाक १६ क्रमांकाच्या वाहिनीवर द्यावयाची.

गळाच्या साहित्याविषयी फार बोलत नाही. त्यात प्रत्येकाचा स्वतंत्र पंथ आहे. एवढेच सांगतो की, सुरमई व वाम यांच्या दातांपुढे तंगूस टिकत नाही, गळाशी वीतभर पोलादी तार हवी. तंगुसाची गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी. कोरडी आवळली तर ती स्वतःच्याच उष्णतेने दुबळी होते. गळ काढण्यास पक्कड ठेवावी, बोटे नव्हेत. शिंगाळ्याच्या पाठीवरचा व दोन्ही बाजूंचा काटा आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतो. तो लागला तर जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात निदान अर्धा तास बुडवून ठेवावी. उष्णतेने ते विष निकामी होते व वेदना उतरतात. त्यानंतर डॉक्टरकडे जावेच. पाण्याची उष्णता दुसऱ्या हाताने पाहावी, कारण दुखऱ्या हाताला भाजल्याचे कळत नाही.

दोन गोष्टी चर्चमध्ये बोलता येत नाहीत, त्या येथे वाळूवर बोलतो. होडीच्या कडेला उभे राहून देहधर्म उरकताना माणसे पाण्यात पडतात. त्यासाठी होडीत एक डबा ठेवा, यात लज्जा कसली? आणि बाटली. ती जमिनीवरही मला प्रिय नाही, हे तुम्हांस ठाऊक आहेच. परंतु होडीत ती पाहिली तर मी प्रवचन करणार नाही, सरळ घरी जाऊन सांगेन.

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा निघण्यापूर्वी पाहावा. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हा पावसाळा संपून दर्या निवळला असेच सर्वांना वाटत होते.

शेवटी एक कागद. त्या मार्चमधील रात्री मी त्या घरी गेलो, तेव्हा होडी उत्तरेस अर्नाळ्याकडे गेली की दक्षिणेस उत्तनकडे, हे घरात कोणासही सांगता येईना. होडी उलटल्याची वार्ता येऊन पोहोचण्यापूर्वीचे दोन तास आम्ही नुसते दिशेवर वाद घालीत घालविले. म्हणून निघण्यापूर्वी चिठ्ठी लिहून घरातील स्त्रीच्या हाती द्यावी: कोण कोण, कोणती होडी, रंग कोणता, कोणत्या बाजूस, किती वाजता परत. ती वेळ टळून एक तास झाला, तर तिने फोन करून पाहावा. उत्तर नसेल तर कोणाच्या परवानगीची वाट न पाहता १५५४ लावावा. नंतर मंडळी हसत परत आली, तर तिने संकोच मानू नये. मी तिच्या बाजूने उभा राहीन.

अशा कोऱ्या चिठ्ठ्या छापून चर्चच्या दाराशी ठेवल्या आहेत, मोफत आहेत. होड्यांचा आशीर्वाद ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर, येथेच होईल. जॅकेटे अंगावर घालून यावे. पिशव्या घरीच फाडून टाकाव्यात.