जीवाणूंची गणपूर्ती आणि संकेताची ओळख



सभासदांची ठरावीक संख्या जमल्यावाचून सभेचे कामकाज सुरू होत नाही; त्या संख्येला आपण गणपूर्ती म्हणतो. 1994 साली फुक्वा, विनान्स व ग्रीनबर्ग या शास्त्रज्ञांनी जीवाणूंच्या एका वर्तनाला हेच नाव दिले. वर्तनाचा शोध मात्र त्याहून जुना आहे. समुद्रातील प्रकाशमान जीवाणू प्रयोगशाळेतील द्रवात वाढविले, तर विरळ असताना ते अंधारेच राहतात आणि दाटी झाली की एकाएकी उजळतात. त्यांनीच बाहेर टाकलेला एक पदार्थ साचत गेल्याने हे घडते, असे नील्सन, प्लॅट व हेस्टिंग्ज यांनी 1970 मध्ये मांडले. विब्रिओ फिशेरी या जीवाणूच्या बाबतीत त्या पदार्थाची रासायनिक घडण 1981 मध्ये एबरहार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उकलली.

इथवरची कथा आपण कदाचित ऐकली असेल. मला आज बोलावयाचे आहे ते या सभेत हजेरी घेणाऱ्याविषयी. पेशीतील एक ग्राही प्रथिन त्या संकेत-रेणूला ओळखते, आणि मग डीएनएवर बसून ठरावीक जनुकांना जागे करते. ही ओळख पटते कशी?

प्रथम संकेताचेच रूप पाहू. या कुळातील संकेतांना एक डोके व एक शेपूट असते. डोके म्हणजे होमोसेरीन लॅक्टोन नावाचे लहानसे वलय. ते सर्वांचे सारखे. शेपूट म्हणजे मेदाम्लाची कार्बन-साखळी, आणि भेद असतो तो तिच्यात. विब्रिओ फिशेरीची साखळी सहा कार्बनांची, वनस्पतींच्या खोडावर गाठी आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियमची आठ कार्बनांची, तर स्यूडोमोनास एरुजिनोसा या रोगकारकाच्या एका संकेताची बारा कार्बनांची. या तिन्हींच्या तिसऱ्या कार्बनावर ऑक्सिजनचा एक अणू अधिक असतो. इतर काही जीवाणूंच्या संकेतांत तो नसतो.

रेणूंच्या ओळखीसाठी कुलूप व किल्ली ही उपमा एमिल फिशर यांनी 1894 साली विकरांच्या संदर्भात योजली. ती सोयीची आहे, पण येथे आपल्याला चकविते. कुलूप किल्लीवाचूनही कुलूपच असते. ॲग्रोबॅक्टेरियममधील ‘ट्राआर’ या ग्राही प्रथिनाचे तसे नाही. संकेत उपस्थित नसताना ते तयार झाले, तर त्याला नीट घडी पडत नाही. पेशीतील प्रथिनभंजक विकरे काही मिनिटांतच त्याचा फडशा पाडतात. प्रथिनाची साखळी गुंफली जात असतानाच संकेत हाताशी असावा लागतो. 2002 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी या प्रथिनाची स्फटिकरचना उकलली, तेव्हा कारण स्पष्ट झाले. संकेत प्रथिनाच्या पृष्ठभागावरील खाचेत अडकलेला नव्हता. तो पूर्णपणे आत गाडला गेलेला होता, भोवतालच्या पाण्याशी त्याचा स्पर्शही उरला नव्हता. पेढ्याभोवती मूठ मिटावी तसे प्रथिन त्याच्याभोवती मिटलेले असते. मूठ निदान रिकामीही मिटता येते, हे मात्र येथे विसरावयाचे.

या मुठीत डोके धरणारी बोटे ठरलेली आहेत. ट्रिप्टोफॅन, टायरोसीन व ॲस्पार्टिक आम्ल ही ॲमिनो आम्ले हायड्रोजन-बंधांनी वलय व त्यालगतचा भाग पकडतात, आणि या कुळातील बहुतेक ग्राहींत ती जवळजवळ जशीच्या तशी आढळतात. शेपटीसाठी पाण्याला दूर सारणारा एक कप्पा असतो. त्याची खोली व आकार ग्राहीगणिक निराळा. साखळी आखूड पडली तर कप्पा नीट भरत नाही, लांब झाली तर तिला सामावून घेण्यासाठी प्रथिनालाच सरकावे लागते.

सर्वच ग्राही इतके हट्टी नसतात, हेही सांगितले पाहिजे. विब्रिओ फिशेरीच्या ग्राहीने धरलेला संकेत पुन्हा सुटू शकतो. साल्मोनेला तर या जातीचा संकेत स्वतः बनवीतच नाही. तरी ‘एसडीआयए’ नावाचा ग्राही बाळगून तो शेजाऱ्यांचे बोलणे ऐकतो.

मला सर्वांत उद्बोधक वाटते ते क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियमचे उदाहरण. गणपूर्ती झाली की हा जीवाणू गडद जांभळे रंगद्रव्य बनवितो, त्यामुळे निकाल डोळ्यांनीच दिसतो. सहा कार्बनांच्या शेपटीने रंग येतो. दहा कार्बनांची शेपूट मात्र रंग दाबून टाकते. दोन्ही रेणू ग्राहीच्या त्याच कप्प्यात बसतात. मग फरक कुठला? 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेत असे दिसले की, रोधक रेणू बसला असता प्रथिनाच्या जोडीतील डीएनए पकडणारे दोन हात एकमेकांपासून हवे त्याच्या सुमारे दुप्पट अंतरावर अडकून पडतात. म्हणजे प्रथिन घडते, संकेताला धरते, पण डीएनएवर बसू शकत नाही. बांधले जाणे आणि जागे होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंपुढे वैद्यकाला याच भेदात आशा दिसते: जंतूला मारण्याऐवजी त्याला एकटे असल्याचे भासवावे. स्यूडोमोनासचा ‘लासआर’ हा ग्राही त्यासाठी आवडते लक्ष्य ठरला आहे, आणि 2007 मध्ये त्याच्या संकेत धरणाऱ्या भागाची रचनाही हाती आली. परंतु सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या स्यूडोमोनासमध्ये हा ग्राही पुष्कळदा उत्परिवर्तनाने आधीच निकामी झालेला आढळतो. आपण ज्याला बहिरे करू पाहतो तो तेथे आपल्याआधीच बहिरा झालेला असतो, आणि तरीही रोग हटत नाही.