टीईटीचा अभ्यास आणि शब्दांची कुळकथा



शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे आपली टीईटी, आता केवळ नव्या उमेदवारांची राहिलेली नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण होणे भाग पाडले. त्यामुळे घरोघरी गाईड उघडली गेली आहेत.

पहिल्या पेपरात १५० प्रश्न आणि त्यांसाठी अडीच तास. पाच विभागांना प्रत्येकी ३० गुण. मराठीच्या विभागात शब्दसिद्धी येते: तत्सम, तद्भव, देशी, परभाषी. गाईडमध्ये चार याद्या असतात आणि उमेदवार त्या घोकतो. माझे म्हणणे एवढेच, की यादी पाठ करू नका, नियम ओळखा.

हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. दुग्ध, दुद्ध, दूध. संस्कृतातल्या जोडाक्षराचे प्राकृतात द्वित्त झाले. पुढे मराठीत त्यातले एक व्यंजन गळाले आणि आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. हे एकदा उमगले, की ‘कान’ आणि ‘आठ’ यांची मुळे तुम्ही स्वतः सांगाल. ‘दूध’मधला ऊ दीर्घ का, याचेही उत्तर हाती लागेल. शुद्धलेखनाचा धडा वेगळा घोकावा लागणार नाही.

परभाषी शब्दांना असा नियम नाही. तिथे इतिहास कामी येतो. बटाटा, पाव, चावी, पगार हे पोर्तुगीजांबरोबर आले. राज्यकारभारातून फारसी-अरबी शब्द आले: अर्ज, हजेरी, शाई. ‘दप्तर’ आपल्याकडे फारसीतून आले, पण त्याचे मूळ कातड्यासाठीच्या एका ग्रीक शब्दापर्यंत जाते. ‘तूप’ मात्र शेजारच्या कन्नडशी नाते सांगते.

एक सावधगिरी हवी. नुसत्या उच्चाराच्या साम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये. शंका आली तर कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ पाहावा, फारसी शब्दासाठी माधव जूलियनांचा ‘फार्शी-मराठी कोश’. जिथे कोशकारांचेच एकमत नाही, तिथे ‘निश्चित सांगता येत नाही’ असे वर्गात म्हणण्यात शिक्षकाला कमीपणा नाही.

याच पेपरातला बालमानसशास्त्राचा विभाग सांगतो, की मूल ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाते. ते तत्त्व आपण पाठ करतो आणि भाषेचे पान उलटताच विसरतो. मुलाच्या घरात अहिराणी असेल, गोंडी असेल, मालवणी असेल. त्याच्या घरचा शब्द फळ्यावर प्रमाण शब्दाशेजारी लिहिला, तर त्याची बोली अशुद्ध ठरत नाही, अभ्यासाचे साधन ठरते.

तेव्हा परीक्षार्थी मित्रांनो, रोज पाच शब्द घ्या, त्यांचे मूळ कोशात शोधा आणि वहीत लिहून ठेवा. प्रमाणपत्र मिळाल्यावर गाईड रद्दीत द्या. ती वही मात्र वर्गात न्या.