फ्लोराइडयुक्त पाणी आणि अधिशोषणाची गाळणी



विहिरीचे पाणी नितळ व चवीला गोड असले म्हणजे ते निर्दोष असतेच असे नाही. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्याने या सत्याची फार मोठी किंमत मोजली आहे. तेथील ग्रॅनाइट खडकात फ्लोराइडयुक्त खनिजे आहेत. भूगर्भात दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यात ती विरघळतात. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे, पुढे तपकिरी पट्टे उमटतात. प्रौढांचे सांधे व पाठीचा कणा ताठरतो. एकदा वाकलेली हाडे औषधाने पूर्ववत होत नाहीत. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह असून, दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा होय.

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही; उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. वाळूच्या गाळणीतूनही ते पार होते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी व चुना यांवर आधारलेली ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. तीत तुरटीचे प्रमाण काटेकोर राखावे लागते व साचलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. दुसरा मार्ग अधिशोषणाचा आहे.

स्पंज पाणी आत घेतो, ते शोषण. पाण्यातील द्रव्य घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरले जाते, ते अधिशोषण. सक्रियित ॲल्युमिनाचे दाणे अत्यंत सच्छिद्र असल्याने मूठभर दाण्यांचा पृष्ठभागही विस्तीर्ण असतो. त्यांच्या थरातून पाणी सावकाश झिरपू दिले की फ्लोराइड दाण्यांवर अडकते. किंचित आम्लधर्मी पाण्यात हे कार्य उत्तम होते. अल्कधर्मी पाण्यात मंदावते.

परंतु दाण्यांवरील जागा मर्यादित असते. समजा, पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड असून ते १ वर आणावयाचे आहे. पिण्यास व स्वयंपाकास रोज २० लिटर पाणी लागल्यास दररोज ८० मिलिग्रॅम फ्लोराइड अडकेल. ३ किलो दाण्यांनी किलोमागे २ ग्रॅम फ्लोराइड धरले, तर गाळणी ७५ दिवस चालेल. त्यानंतरही पाणी तसेच नितळ दिसेल. फ्लोराइड मात्र पोटात जाऊ लागेल. गाळणी बसवली म्हणजे काम संपले, ही समजूत म्हणूनच घातक आहे.

सबब गाळलेल्या पाण्याची ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी आणि तिची नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी. दाणे भरल्यावर कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणाने धुऊन, नंतर सौम्य आम्लाने उदासीन करून ते पुन्हा वापरता येतात. हे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. धुतलेल्या द्रावणात फ्लोराइड एकवटलेले असते. ते विहिरीजवळ ओतणे म्हणजे काढलेले विष पुन्हा भूजलात सोडणे होय.

शक्य तेथे निर्दोष स्रोत हाच श्रेष्ठ उपाय. तेलंगणात २०१६ मध्ये आरंभ झालेल्या मिशन भगीरथ योजनेचा हेतू नदी-जलाशयांचे पाणी नळाने घरोघरी पोहोचविणे हाच होता. जेथे भूजलावाचून गत्यंतर नाही, तेथे शिक्षकांनी मुलांच्या दातांकडे, अधिकाऱ्यांनी तपासणीच्या नोंदींकडे आणि ग्रामस्थांनी गाळणीच्या मुदतीकडे लक्ष द्यावे. उमटलेले डाग पुसता येणार नाहीत. पण आज पाळण्यात असलेल्या बालकाचे दात व हाडे निश्चितच वाचविता येतील.