उतारा कोणत्या विषावर?

(सीताबर्डी, नागपूर येथे जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सीताबर्डीत आपण जमतो ते बहुतेक वेळा कापसाच्या भावासाठी. आज भावाचा विषय बाजूला ठेवून दवाखान्याचा विषय काढतो आहोत. पुष्कळांना वाटेल, हे डॉक्टरांचे काम, यात आपण कशाला? पण फवारणीच्या दिवसांत विष चढलेला माणूस शेतातून उचलून नेणारे आपण. त्याच्या अंगावर कोणते विष सांडले हे सांगू शकणारे आपण. आणि रात्री बारा वाजता चिठ्ठी घेऊन इंजेक्शने शोधत फिरणारे, त्यासाठी उसनेपासने करणारेही आपणच. मग त्या इंजेक्शनांचा हिशेब आपल्याला नको का?

२०१७ चा हंगाम आठवा. पऱ्हाटी पुरुषभर वाढलेली, गुलाबी बोंडअळीची भीती, पाठीवर बॅटरीचे पंप आणि पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधांचे मिश्रण. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने ८०० च्या वर माणसे दवाखान्यात गेली आणि २० च्या वर परत आली नाहीत. त्यात शेतकरी होते, तसे रोजाने फवारणारे मजूरही होते. दोष कोणाचा यावर तेव्हा खूप बोलले गेले. तोंडाला फडके बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत, असे पंख्याखाली बसून सांगणारे पुष्कळ निघाले. भादव्याच्या उन्हात रबरी कोट चढवून पऱ्हाटीत दोन तास फिरून दाखवा, मग बोलू. पण तो वाद आज नको. माणूस दवाखान्याच्या पायरीवर पोहोचल्यानंतर त्याचे काय होते, ते आज बघायचे आहे.

त्या हंगामात राज्य सरकारने पाच औषधांवर साठ दिवसांची बंदी घातली होती. ही पाच नावे मुद्दाम सांगतो: मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, आणि डायफेन्थ्युरॉन. दुकानदाराच्या फळीवर तेव्हा ही पाचही शेजारी-शेजारी बसत. अंगात गेल्यावर मात्र त्यांची जात वेगळी. पहिल्या तिन्हींत सेंद्रिय फॉस्फरसाचे, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट विष आहे. ते अंगातल्या कोलिनएस्टरेज नावाच्या पाचकाला बांधून टाकते. हे पाचक म्हणजे मज्जातंतूंचा हुकूम पोहोचला की तो पुसणारा गडी. गडीच बांधला गेला तर हुकूम चालूच राहतो. मग घाम थांबत नाही, लाळ थांबत नाही, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, छातीत पाणी भरते, मांसाचे गोळे फडफडतात. यावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. छातीतले पाणी आटवून ते माणसाला श्वास घेऊ देते.

उरलेल्या दोन औषधांवर असा नेमका उतारा नाही. फिप्रोनिलने झटके येऊ शकतात, त्याला झटक्यांची औषधे द्यावी लागतात. डायफेन्थ्युरॉनवर तर जे लक्षण दिसेल ते सांभाळायचे, एवढेच हाती असते. अशा माणसाला गरज नसताना अ‍ॅट्रोपिनवर अ‍ॅट्रोपिन टोचले तर काय होते? नाडी धावते, अंग तापते, लघवी अडते, माणूस बरळू लागतो. आता हे विषाने झाले की उताऱ्याने, हे ओळखणेही अवघड होऊन बसते.

आपल्या बोलीची इथे एक गंमत आहे, गंमत कसली, घातच. आपण कीटकनाशकालाही औषध म्हणतो आणि इंजेक्शनालाही औषध म्हणतो. "औषध मारता मारता पडला," एवढे सांगून आपण डॉक्टरसमोर उभे राहतो. कोणते औषध? "ते निळ्या झाकणाचे." बाटलीवरचा तांबडा-पिवळा त्रिकोण विष किती जहाल एवढेच सांगतो, कोणत्या जातीचे ते सांगत नाही. एकाच रंगाच्या दोन बाटल्यांचे उपचार वेगळे असू शकतात.

लक्षणे सारखी दिसली म्हणून उपचार सारखा करू नये, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. डॉक्टर झाले इथे नागपूरच्या मेडिकलमध्ये आणि नोकरीला गेले कोकणात, महाडकडे. तिथे लाल विंचवाने माणसे पटापट मरत. विंचू चावलेल्या माणसालाही दरदरून घाम, ओकाऱ्या, लाळ, म्हणजे थेट फवारणीच्या विषासारखेच. त्या काळी अशा रुग्णाला स्टेरॉइड दिले जाई, अ‍ॅट्रोपिन दिले जाई. बावस्करांनी रात्र-रात्र खाटेशी बसून नाडी आणि रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या. त्यांना दिसले की विंचवाचे विष रक्तदाब चढवून हृदय थकवते आणि फुप्फुसात पाणी भरते. अशा वेळी अ‍ॅट्रोपिनने धावती नाडी आणखी धावते. १९८२ साली त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरली, तिची माहितीही तिथेच १९८६ मध्ये आली. त्यांच्या नोंदींप्रमाणे पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरी तीसच्या आसपास मृत्यू होत. प्राझोसिननंतर ते शंभरी तीनपर्यंत खाली आले. म्हणजे जे अ‍ॅट्रोपिन फवारणीच्या विषात माणूस तारते, तेच विंचवाच्या विषात त्याला मृत्यूकडे ढकलते.

पण कोणते औषध तारते हे ठरवायचे कसे? इथे आम्ही शेतकी शिकलेली माणसे थोडे बोलू शकतो, कारण ही रीत शेतातून दवाखान्यात गेली आहे. इथून जवळ महाराजबागेला लागून शेतकी कॉलेज आहे, १९०६ पासूनचे. तिथल्या पोराला पहिल्यांदा काय शिकवतात? नवे वाण चांगले की जुने, हे बघायचे तर नवे काळ्या कसदार जमिनीत आणि जुने बरडात पेरू नका. वावराचे सारखे तुकडे करा, कोणत्या तुकड्यात काय पेरायचे ते चिठ्ठी टाकून ठरवा, आणि हेच चार-पाच वेळा करा. मग जो फरक दिसेल तो वाणाचा. जमिनीचा नाही आणि प्रयोग करणाऱ्याच्या लहरीचाही नाही. विलायतेत रोथॅमस्टेड येथल्या शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ही रीत बसवली. १९४८ साली क्षयाच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी छापून आली ती याच रीतीने, चिठ्ठ्या टाकून. कंपनीचा माणूस मात्र धुऱ्यालगतचा, विहिरीजवळचा सगळ्यात चांगला तुकडा निवडून पाटी लावतो आणि आपल्याला गाडीत घालून दाखवायला नेतो. त्याला चाचणी म्हणत नाहीत, त्याला जाहिरात म्हणतात.

कोणी विचारेल, माणसांच्या चिठ्ठ्या टाकायच्या? हा माणसावर प्रयोग नाही का? आहे. म्हणूनच रुग्णाची किंवा नातेवाइकांची संमती लागते. पण ज्या उपचाराचा गुण कोणालाच नक्की माहीत नाही, तो प्रत्येक डॉक्टरने आपापल्या अंदाजाने देत राहणे हाही प्रयोगच आहे. फरक इतकाच, की त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. बावस्करांनी पुढे विंचवाच्या लसीचीही अशी चाचणी केली आणि ती २०११ मध्ये छापली. नुसत्या प्राझोसिनवरचे ३५ रुग्ण होते; दहा तासांत त्यांतले ८ पूर्ण सावरले. प्राझोसिनबरोबर लस दिलेल्या ३५ पैकी ३२ सावरले. असा आकडा समोर आला की वाद संपतो.

आता फवारणीच्या विषातल्या त्या महाग इंजेक्शनाकडे येऊ, ज्यासाठी आपली पळापळ होते. त्याचे नाव प्रॅलिडॉक्सिम, दवाखान्यात त्याला पॅम म्हणतात. बांधलेल्या गड्याचे दोर सोडवणे हे त्याचे काम. पण दोराची गाठ वेळ जाईल तशी पक्की होते. क्लोरपायरीफॉससारख्या विषात ती सावकाश पक्की होते, मोनोक्रोटोफॉससारख्यात काही तासांतच, आणि प्रोफेनोफॉसवर तर पॅमचा फारसा इलाज चालत नाही.

पॅमची एक चाचणी आपल्याच राज्यात, बारामतीला झाली आणि २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. २०० रुग्ण होते. १०० जणांना थोडे-थोडे पॅम चार-चार तासांनी, १०० जणांना मोठ्या मात्रेत ४८ तास सतत. पहिल्या गटात ८ दगावले, दुसऱ्यात १. वाटले, प्रश्न सुटला. मग २००९ मध्ये श्रीलंकेची चाचणी आली. तिथे पॅम घेतलेल्या १२१ पैकी ३० दगावले, आणि पॅमऐवजी नुसते पाणी टोचलेल्या ११४ पैकी १८. अ‍ॅट्रोपिन दोन्ही गटांना होते. हा फरक नशिबाचाही असू शकतो इतपतच आहे, पण पॅमने जीव वाचला असे काही तिथे दिसले नाही.

मग खरे कोणते? आमच्या मते दोन्ही आकडे खरे आहेत. ओलिताच्या काळ्या जमिनीत जे खत लागू पडते, तेच कोरडवाहू बरडात पीक जाळते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बारामतीचे रुग्ण लवकर पोहोचलेले होते आणि अतिदक्षता विभागात होते. श्रीलंकेत विषाची जात, उशीर आणि रुग्णाची अवस्था वेगळी होती. हा वाद जगभर अजून मिटलेला नाही. पॅम द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील, त्यांना अडवू नका. पण "इथे पॅम नाही" एवढ्याच कारणाने, अ‍ॅट्रोपिन आणि ऑक्सिजन चालू असलेला माणूस जीपमध्ये टाकून नागपूरकडे पळवायचा, हा शहाणपणा नाही. वाटेत छाती भरली तर पॅमची पेटी उशाशी असूनही उपयोग नाही.

अ‍ॅट्रोपिनचे तसे नाही. ते स्वस्त आहे, आणि त्यात वाद आहे तो फक्त देण्याच्या रीतीचा. बांगलादेशात चितगावला चाचणी झाली, २०१२ मध्ये छापली. जुन्या रीतीने ठरलेली मात्रा ठरलेल्या वेळाने दिलेले ८० रुग्ण, त्यांत १८ दगावले. दुसऱ्या ७५ जणांना छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट केली आणि मग सलाईनमधून सावकाश चालू ठेवली. त्यांत ६ दगावले. छाती कोरडी व्हायला जुन्या रीतीत सरासरी १५२ मिनिटे लागत होती, नव्यात २४. आणि अ‍ॅट्रोपिनचा अतिरेक होण्याचे प्रमाण नव्या रीतीत निम्म्याहून कमी निघाले. म्हणजे घाईने पण बघत-बघत दिलेले औषध कमी अपाय करते. यात नवे महाग काही नाही. खाटेशी उभा राहून छाती ऐकणारा माणूस लागतो. आणि तोच आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात कमी आहे. मागायचे असेल तर हे मागा.

पोट धुण्याचा आपल्याला फार विश्वास. विष अंगावर सांडून, श्वासातून गेले असेल तर पोट धुऊन काय निघणार? तिथे कपडे काढून साबण-पाण्याने अंग, केस, नखे धुतली पाहिजेत, आणि धुणाऱ्याने आपले हात सांभाळले पाहिजेत. मिठाचे पाणी, तेल, दूध पाजून ओकारी काढू नका. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या फुप्फुसात ते जाते. पोटातले विष शोषायला कोळशाची पूड देतात, तिचीही श्रीलंकेत ४६०० हून जास्त रुग्णांवर चाचणी झाली. २००८ चा निकाल असा, की दिली काय, नाही दिली काय, मृत्यू सारखेच.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून घ्याच. दुसऱ्या दिवशी माणूस बोलतो, चहा घेतो. खर्च वाढतो म्हणून आपण सही करून घरी आणतो. या विषात एक ते चार दिवसांच्या आत मान आणि छातीचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. १९८७ मध्ये श्रीलंकेच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट लिहून काढले. घाम नाही, लाळ नाही, नुसता श्वास मंदावतो. तेव्हा पडल्या-पडल्या उशीवरून मान उचलता येते का, हे रोज सकाळ-संध्याकाळ बघा. येत नसेल तर डॉक्टरला तिथल्या तिथे बोलवा, आणि पहिले चार दिवस सुट्टी मागू नका.

आता आपले काम. फवारणीच्या दिवशी बाटल्यांचे खोके वावरात फेकू नका, त्यावरचे लेबल कापून खिशात ठेवा. मिश्रण केले असेल तर सगळ्यांची लेबले ठेवा. गडी पडला तर १०८ ला फोन करून लेबल आणि फवारणी सुरू केल्याची वेळ कागदावर लिहून त्याच्याबरोबर पाठवा. भरलेली बाटली गाडीत नेऊ नका. रोजाने आलेल्या मजुराला तर आपण काय फवारतो हे माहीतच नसते, म्हणून ते त्याला सकाळीच नाव घेऊन सांगा. आणि कृषी केंद्रातून बिल घ्याच. बिलावर नुसते कंपनीचे नाव चालवून घेऊ नका. आतल्या विषाचे रासायनिक नाव आणि टक्केवारी दुकानदाराकडून लिहून घ्या. लिहून देत नसेल तर त्या दुकानाचे नाव पुढच्या महिन्याच्या तालुका बैठकीत घेऊन या.