अरुण कोलटकर: एक कवी, अनेक बोली

कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर पोटासाठी मुंबईत जाहिराती सजवत आणि कविता मराठीत लिहीत, इंग्रजीतही. एखादी तर चक्क बंबइया हिंदीत! त्यांची ‘जेजुरी’ ही इंग्रजी कवितामालिका १९७६ साली पुस्तकरूपाने आली आणि पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. पडकं देऊळ, त्यात पिलांसह राहणारी कुत्री, पुजारी, सगळ्यांकडे ‘जेजुरी’ सारख्याच कुतूहलाने बघते. भाविक नाही, पण टवाळही नाही.

छापायची घाई मात्र त्यांना नसे. ‘भिजकी वही’ हा मराठी कवितासंग्रह आला २००३ मध्ये. इसिस, कॅसांड्रा, कण्णगी अशा देशोदेशींच्या दुःखी स्त्रिया तिथे भेटतात. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच. साहित्य अकादमीने २००५ साली या संग्रहाला पुरस्कार दिला, तो मरणोत्तर.