नाकाच्या वाटेने कवटीच्या तळाशी



१९०७ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये हरमान श्लोफर यांनी नाकाच्या बाजूने शिरून मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतली गाठ काढली. त्यासाठी रुग्णाचं नाक कापून बाजूला सारावं लागलं होतं. तीनच वर्षांनी व्हिएन्नात ऑस्कर हिर्श हे नाकाचे डॉक्टर थेट नाकपुडीतून तिथवर पोचले, तेही रुग्णाला पूर्ण भूल न देता, फक्त जागा बधिर करून. आज या सभागृहात मेंदूचे आणि कान-नाक-घशाचे शल्यविशारद शेजारी शेजारी बसले आहेत, त्या शेजाराला इतका जुना आधार आहे.

पीयूषिका वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची. तिच्या वर दृष्टीच्या नसा एकमेकींना छेदतात, दोन्ही अंगांना मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड धमन्या असतात आणि खाली स्फिनॉइड सायनसची हवेची पोकळी. त्या पोकळीचं तोंड नाकात उघडतं. वरून कवटी उघडली तर मेंदू हलका उचलून, नसांच्या फटींतून गाठीपर्यंत जावं लागतं. खालून गेलं तर मेंदूला स्पर्शही न करता गाठ समोर येते.

इतकी सोयीची वाट मध्यंतरी जवळजवळ बंद पडली होती. हार्वी कुशिंग यांनी १९१० ते १९२५ या काळात वरच्या ओठाखालून, नाकाच्या पडद्यालगत अशा २३१ शस्त्रक्रिया केल्या आणि मग ते कवटी उघडण्याकडे वळले. कुशिंग वळले म्हटल्यावर बाकीचेही वळले. एडिंबरोचे नॉर्मन डॉट मात्र कुशिंगकडे शिकलेली पद्धत सोडायला तयार नव्हते. डॉटकडून ती पॅरिसच्या जेरार गियो यांनी उचलली, गियोंकडून माँट्रियलच्या ज्यूल हार्डी यांनी, आणि हार्डींनी १९६० च्या दशकात तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. गियोंनी दुर्बीणही वापरून पाहिली होती, पण त्या काळच्या दुर्बिणीचा उजेड पुरेना. हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या भिंगरचनेने तो प्रश्न सोडवला. १९९० च्या दशकात पिट्सबर्गमध्ये मेंदूशल्यविशारद हे-डाँग जो आणि नाकाचे शल्यविशारद रिकार्डो काराऊ यांनी चार मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीने पीयूषिकेच्या गाठी काढण्याची पद्धत बसवली.

सूक्ष्मदर्शक नाकाबाहेर राहून सरळ रेषेत पाहतो. दुर्बीण आत गाठीजवळ जाते आणि तिरक्या भिंगाने कोपऱ्यामागचंही दाखवते. एकाने ती धरायची, दुसऱ्याने दोन्ही हातांनी काम करायचं. दोन नाकपुड्या, दोन डॉक्टर, समोर एकच चित्रपटल.

खरी अडचण आत शिरण्याची नव्हतीच. हात बसल्यावर कॉर्डोमा, क्रेनिओफॅरिंजिओमा, काही मेनिंजिओमा असल्या अवघड गाठीही या वाटेने निघू लागल्या. पण मेंदूचं आवरण उघडलं की मेंदूभोवतालचं पाणी नाकात गळे, आणि नाकातले जंतू मेंदूपर्यंत पोचण्याची भीती राही. अर्जेंटिनातल्या रोझारिओचे हदाद आणि बासागास्तेगी यांची युक्ती २००६ साली प्रसिद्ध झाली. नाकाच्या मधल्या पडद्यावरची श्लेष्मल त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट सोडवायची आणि ते जिवंत ठिगळ भोकावर बसवायचं. अनुभवी केंद्रांत गळतीचं प्रमाण पुढे पाच टक्क्यांच्या आसपास उतरलं. या विद्येला उभं केलं ते या ठिगळाने. दुर्बिणीचं कौतुक करताना त्याचा उल्लेख राहून जातो, हे खटकतं.

'नाकातून म्हणजे छोटं ऑपरेशन' हा समजही खोडायला हवा. आत कॅरोटिडला इजा झाली तर काही क्षणांत जीव धोक्यात येतो. कॅरोटिडच्या पलीकडे, बाजूला पसरलेल्या गाठीला अनेकदा कवटी उघडणंच योग्य. आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरक बनवणाऱ्या बहुतेक गाठी कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसतात, तिथे सुरीची गरजच सहसा पडत नाही. म्हणून या चमूत अंतःस्रावतज्ज्ञाची जागा पहिल्या रांगेत हवी.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये काळ्या बुरशीची साथ पाहिली. त्या दिवसांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने सायनस साफ करून असंख्य रुग्ण वाचवले. म्हणजे दुर्बीण सरावाची आहे. वानवा आहे ती शवविच्छेदनगृहात दोन्ही शाखांनी एकत्र सराव करण्याची, आणि रुग्ण वेळेवर पाठवण्याची. गाठ दृष्टीच्या नसा दाबू लागली की आधी कडेचं दिसेनासं होतं. रुग्ण दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, चष्म्याचा नंबर बदलून घेतो, आणि महिने जातात. समोर बसवून, एक डोळा झाकून, बाजूने बोट पुढे आणत 'दिसतंय का' असं विचारायला कुठलंही यंत्र लागत नाही. ही तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात व्हायला हवी.

घरी पाठवतानाचा कागद हाही याच कामाचा भाग आहे. गडचिरोलीला परतलेल्या रुग्णाच्या नाकातून, खाली वाकल्यावर, पाण्यासारखा स्वच्छ थेंब गळू लागला तर घरचे त्याला सर्दी समजतात. तो थेंब म्हणजे मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं, नाक शिंकरायचं नाही, ताप आणि मानेचा ताठरपणा दिसताच त्याच दिवशी यायचं, हे सगळं मोठ्या अक्षरात, मराठीत, फोन क्रमांकासह छापलेलं असावं. त्या कागदाचा मसुदा याच अधिवेशनात तयार व्हावा, अशी अध्यक्षपदावरून विनंती आहे.